पैसे भरून बिबट्याची शिकार: खानापूर भागात का नको?

जांबोटी_पट्टा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीकडं बिबट्यानं शेळी नेली की एक विषय हटकून निघतो. आफ्रिकेत परदेशी शिकारी लाखो रुपये मोजून सिंह-बिबटे मारतात, पैसा गावात येतो, तसं इथं का नको? कायदा आड येतो हे ठाऊक आहे. कायदा बाजूला ठेवला तर हौसेसाठी मारण्यात नेमकं चूक काय? आणि शेळ्या राखायच्या कशा, तेही सांगा.

रानवाट: पैसे मोजणाऱ्याला हवा असतो सगळ्यात भारदस्त नर. शेळी नेणारं जनावर म्हातारं, जखमी किंवा पिल्लांची आईही असू शकतं. ते कुणाला भिंतीवर टांगायचं नसतं. त्रास एकाचा, गोळी दुसऱ्याला.

मोठा नर मेला की त्याची हद्द मोकळी होते. नवा नर शिरतो आणि आधीच्याची पिल्लं मारतो, कारण पिल्लं गेली की मादी लवकर माजावर येते. म्हणून टांझानियात सहा वर्षांखालचा सिंह मारायचा नाही असा नियम केला. सिंहाचं वय नाकावर वाचता येतं: गुलाबी नाकावर काळे ठिपके पसरत जातात, पाच-सहा वर्षांत निम्मं नाक काळं होतं. बिबट्याचं तसं नाही. थोराड नराच्या गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबते, पण आमिष टांगून आडोशातून बघणाऱ्याला संधिप्रकाशात ती दिसेलच असं नाही. टांझानियात फक्त नराची परवानगी असूनही मारलेल्यांत माद्या निघाल्या आहेत. मादी गेली की मागं राहिलेली लहान पिल्लं उपाशी मरतात. हे सगळं एका फोटोसाठी? मला हे मुळातच पटत नाही.

माळरान: दुसरी बाजूही खरी आहे. नामिबियात 1996 च्या कायद्यानं गावसंस्थांना वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले आणि शिकारीच्या पैशामुळं कित्येक ठिकाणी जनावरं टिकली. पण आपल्याकडं भीमगड अभयारण्याचं रान सरकारचं. तो हक्कच गावाला नाही, मग पैसा गावात यायचा कुठून?

गोठा_आणि_रान: कायदा बाजूला ठेवू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, मारला तर 3 ते 7 वर्षं कैद. तो माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी किंवा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव वॉर्डन लेखी कारण देऊन परवानगी देऊ शकतात. त्यातही पकडणं शक्य असेल तर मारता येत नाही. शेळी नेली हे कारण त्यात बसत नाही.

आता गोठा. भिंत आणि छपराच्या मधली फट आधी बुजवा. कौलं सरकवूनही बिबट्या आत उतरतो, म्हणून कौलांखाली वेल्ड केलेली जाळी मारा. भोक दोन इंचांहून मोठं नको, पंजा आत जातो. दाराला उंबरा आणि बाहेरून घट्ट कडी. आत शिरला तर एकीवर थांबेलच असं नाही, कोंडलेल्या सगळ्या मारू शकतो. गोठ्याभोवतीची झुडपं साफ ठेवा. शेळी मेलीच तर हलवू नका. फोटो काढा, वनखात्याच्या रेंज ऑफिसला कळवा, पशुवैद्याकडून पंचनामा करून घ्या, नाहीतर भरपाई अडते.

जांबोटी_पट्टा: डुकरांसाठी बांधाला लावलेल्या फासांचं काय?

गोठा_आणि_रान: ते आजच काढा. क्लचवायरचा फास बिबट्याच्या कमरेत बसला की ओढेल तितका आवळत जातो. तार तोडून सुटला तरी जखम सडते, मग भेकरामागं पळणं होत नाही आणि तो बांधलेल्या शेळीकडं वळतो. मेलेल्या शेळीत विषही घालू नका. त्याच रात्री कोल्हे आणि वाडीतली कुत्री त्यावर येतात.