मदत हवी आहे: 'मुस्तफा'चा मूळ जपानी बोर्ड घरी चालवायचा आहे, आधी कॅबिनेट घ्यावे की सुपरगन?

नमस्कार मंडळी,

मी सध्या तोक्योच्या निशी-कासाई भागात भाड्याच्या घरात राहतो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्याला कायमचे परतण्याचा विचार आहे. इथे आहे तोवर कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम त्याच्या मूळ जपानी बोर्डावर (म्हणजे आर्केड यंत्रातल्या सर्किट बोर्डावर), पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर आणि आर्केडच्याच जॉयस्टिकने खेळता येईल अशी व्यवस्था घरी करायची आहे. त्यासाठी आर्केडचे अख्खे यंत्र, म्हणजे कॅबिनेट, घ्यावे की बोर्ड मॉनिटरला जोडून देणारे सुपरगन नावाचे छोटे खोके, हा प्रश्न आहे. नव्वदीच्या दशकात ज्यांच्या दुपारी आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेल्या, त्यांना हा गेम 'मुस्तफा' या नावानेच आठवत असेल.

संगणकावर जुने गेम चालवणाऱ्या इम्युलेटरवर भागत असताना हा खटाटोप कशासाठी, असे काहींना वाटेल, म्हणून कारण सांगतो. या गेमचा मूळ बोर्ड कॅपकॉमच्या सीपीएस-१ डॅश जातीचा आहे आणि त्यात क्यूसाउंड नावाची ध्वनिरचना आहे. आपल्याकडे पार्लरमध्ये बरेचदा नक्कल केलेले बोर्ड असत. त्यांतल्या अनेकांत क्यूसाउंडच्या जागी ओकी कंपनीची साधी ध्वनिचिप बसवलेली असे आणि संगीत पातळ होऊन जाई. म्हणजे जो गेम आपण तोंडपाठ केला, त्याचे खरे संगीत आपल्यापैकी अनेकांनी कधी ऐकलेलेच नाही. ते मला एकदा जसे होते तसे ऐकायचे आहे आणि घरी येणाऱ्या मित्रांनाही ऐकवायचे आहे.

आतापर्यंत जे समजले आहे ते मांडतो, म्हणजे कुठे चुकत असेल तर जाणकारांना नेमके बोट ठेवता येईल.

पहिली काळजी बोर्डाची आहे. अकिहाबारातल्या जुन्या बोर्डांच्या दुकानांत आणि याहू ऑक्शनवर किबान, म्हणजे गेमचा सर्किट बोर्ड, विकायला येत असतो. ऑक्शनवर 'जंक' म्हणून टाकलेला माल स्वस्त असतो, पण तो चालतो की नाही याची जबाबदारी विक्रेता घेत नाही. सीपीएस-१ डॅश बोर्डांवर आवाज सांभाळणारा काबुकी नावाचा प्रोसेसर असतो. तो एन्क्रिप्टेड प्रोग्रॅम वाचतो आणि त्याची चावी एका बॅटरीच्या जोरावर टिकून राहते. बॅटरी संपली की चावी पुसली जाते आणि प्रोसेसरला प्रोग्रॅम वाचता येत नाही. बोर्ड आता तीस वर्षांहून जुने झाले आहेत. अशा परिस्थितीत विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला नेमके काय विचारावे, कशाचा फोटो मागावा, आणि बोर्ड घरी आल्यावर बॅटरी लगेच बदलावी की चालतेय तोवर हात लावू नये?

दुसरा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. मनातून मला सेगाचे १९९३ सालचे अ‍ॅस्ट्रो सिटी कॅबिनेटच हवे आहे. पांढरे प्लास्टिक, २९ इंची ट्यूब, बसून खेळण्याची उंची आणि दोन खेळाडूंचे रुंद पॅनल या सगळ्यामुळे माझ्या मते जपानी कॅबिनेटांत इतके नेटके दुसरे नाही. या गेमला प्रत्येक खेळाडूमागे मारा आणि उडी अशी दोनच बटणे लागतात, त्यामुळे जॅमाच्या (आर्केड बोर्ड जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) साध्या हार्नेसवर, म्हणजे तारांच्या जुडग्यावर, दोघांची सोय पूर्ण होते आणि 'स्ट्रीट फायटर'साठी लागतो तसा जादा किक-हार्नेस ओढावा लागत नाही. तिसऱ्या खेळाडूसाठी मात्र बोर्डावर वेगळा कनेक्टर आहे आणि अ‍ॅस्ट्रो सिटीच्या पॅनलवर तिसरी जॉयस्टिक नसते. ती हौस मी सोडून द्यायला तयार आहे. अडचण एवढीच आहे की कॅबिनेटचे वजन शंभर किलोच्या आसपास असते, माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट अरुंद आहे. शिवाय ऑक्शनवरची बरीच कॅबिनेटे 'स्वतः येऊन घेऊन जा' या अटीवर असतात.

दुसरा मार्ग सुपरगनचा आहे. बोर्डाला वीज देणारे आणि त्याचे चित्र, आवाज व बटणे बाहेर काढून देणारे ते छोटे खोके घ्यायचे, आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंगसंकेत) घेणारा जुना स्टुडिओ मॉनिटर जोडायचा आणि सान्वा कंपनीच्या जॉयस्टिकचा एक पेटीवजा कंट्रोलर बनवायचा. हे सगळे एका टेबलावर मावते आणि पुण्याला नेणेही सोपे आहे. पण बसण्याची ती ढब, पॅनलवर टेकलेले मनगट आणि चित्राचा तो आकार हे सगळे त्यात हरवेल, याची मला मनापासून खंत वाटते.

तिसरा प्रश्न विजेचा आहे. इथे १०० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, तर पुण्यात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. कॅबिनेट पुण्याला नेलेच तर केवळ स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर भागेल का, आणि तो किती क्षमतेचा घ्यावा? आपल्याकडे ११० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात. त्यातला दहा व्होल्टचा फरक ट्यूबच्या जुन्या सर्किटला सोसेल का, हेही कळले तर बरे होईल.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया क्रम सुचवावा. पैसे आहेत, पण ते एकदाच खर्च करायचे आहेत, आणि बोर्ड जिवंत राहणे मला इतर सगळ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद १

नमस्कार. मी ओसाकात राहतो आणि माझ्याकडे गेली काही वर्षे अ‍ॅस्ट्रो सिटी आहे. तुमची मांडणी बरोबर आहे. क्रम मात्र मी असा सुचवेन: आधी सुपरगन, मग बोर्ड, आणि कॅबिनेट सर्वांत शेवटी. कारण सौंदर्याचे नाही, तपासणीचे आहे. बोर्ड हातात आल्या दिवशी तो खात्रीशीर विजेवर चालवून पाहता आला पाहिजे. जुन्या कॅबिनेटचा पॉवर सप्लाय थकलेला असेल तर दोष बोर्डात आहे की कॅबिनेटमध्ये, हे शोधण्यात तुमचे आठवडे जातील.

विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: गेम चालू असतानाचा पडदा, चाचणी मेनूचे पान आणि बॅटरीच्या आसपासचा बोर्ड. बॅटरीजवळ हिरवट-पांढरा थर दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या. गेम सुरू असताना आवाज येतो का, हे शब्दांत विचारून घ्या, कारण काबुकीची चावी गेली की तिचा पहिला पुरावा आवाजातच मिळतो. इथे एक बारकावा आहे. या गेमची सेटिंग्ज बोर्डावरच्या ईईप्रॉम या स्मृतिचिपमध्ये असतात आणि नाणे टाकण्याआधीच्या डेमोचा आवाज त्यात बंद केलेला असू शकतो. त्यामुळे डेमो मुका आहे एवढ्यावरून बोर्ड मेला असे समजू नका. नाणे टाकून गेम सुरू करून बघायला सांगा. चावी गेलेलीच असेल तरी सगळे संपत नाही. काबुकीत चावी पुन्हा लिहिण्याची पद्धत या छंदातल्या लोकांनी शोधून काढली आहे. मात्र ते काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

चालत्या बोर्डाची बॅटरी बदलायचीच असेल तर जुनी काढून नवी बसेपर्यंतच्या वेळात चावीला वीज कशी मिळत राहील याची तजवीज आधी करावी लागते. पुरेसा सराव नसेल तर हे काम घरी करू नका.

बोर्ड पहिल्यांदा जोडताना जॅमाच्या ५६ टोकांच्या कनेक्टरची बाजू दोनदा तपासा. त्याच्या एका बाजूला सुट्या भागांची आणि दुसऱ्या बाजूला सोल्डरची रांग असते. तो उलटा बसला तर १२ व्होल्ट नको तिथे जातात आणि दुरुस्तीलाही काही उरत नाही. कनेक्टरची सोनेरी टोके काळवंडली असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फार झाले तर साध्या खोडरबराने हलकेच घासा, आणि मगच जोडा. मग बोर्ड चालू असताना मल्टिमीटरने ५ व्होल्ट मोजा. सप्लायच्या टोकाशी नव्हे, बोर्डावर मोजा, कारण हार्नेसच्या तारेत थोडा विद्युतदाब गळतो. बोर्डावर ४.९ ते ५.१ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो कमी असेल तर गेम मध्येच रिसेट होतो, आणि लोक तो दोष बोर्डाच्या माथी मारतात.

मॉनिटरविषयी: हा बोर्ड १५ किलोहर्ट्झचे चित्र देतो, त्यामुळे जुना आरजीबी स्टुडिओ मॉनिटर अगदी योग्य आहे. जपानी २१ टोकांची आरजीबी केबल आणि युरोपातली स्कार्ट केबल दिसायला एकसारख्या असतात, पण त्यांची आतली जोडणी वेगळी असते. सुपरगन युरोपीय पद्धतीची आणि केबल जपानी, अशी गल्लत झाली तर उपकरण बिघडू शकते. दोन्ही ठिकाणचा नकाशा बघूनच जोडा. बोर्डाच्या जॅमा टोकातून येणारा आवाज स्पीकरसाठी आधीच वाढवलेला असतो, तो अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन-इनमध्ये थेट घालू नका. चांगल्या सुपरगनमध्ये तो आवाज आणि चित्राची पातळी कमी करण्याची सोय असते. ती आहे ना, हे खरेदीपूर्वीच विचारा.

पुण्याच्या विजेसाठी: २३० वरून १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, ११० चा नको. ट्यूबच्या सुरुवातीच्या डिगॉसिंगला (पडद्यावरचे चुंबकत्व घालवण्याला) क्षणभर जास्त करंट लागतो, म्हणून ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ठेवा. कॅबिनेटला वेगळी हिरवी अर्थिंगची तार असते. जपानी दोन पिनांच्या प्लगमध्ये तिला जागा नसते, म्हणून बरेच जण ती गुंडाळून ठेवतात. तसे करू नका. पॅनल धातूचे आहे आणि तुमचे हात त्यावरच असणार आहेत. आणि ट्यूबच्या मागच्या भागाला कॅबिनेट बंद असतानाही हात लावू नये, कारण तिच्यात बराच काळ जीवघेणा विद्युतदाब साठून राहतो.

प्रतिसाद २

तिसऱ्या मजल्याविषयी एवढेच सांगतो की फक्त लिफ्टचे दार मोजून भागत नाही. लिफ्टची आतली खोली, जिन्याचे वळण आणि घराच्या आतली दारे हे सगळे मोजून कागदावर काढा. खालच्या मजल्यावर माणसे राहत असतील तर रात्री बटणांचा खटखटाट त्यांना ऐकू जातो. सान्वाची आवाज कमी करणारी बटणे मिळतात आणि ती त्याच ३० मिलिमीटरच्या भोकांत बसतात, त्यामुळे पॅनलला काही करावे लागत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डेमोच्या आवाजाचा मुद्दा मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणाने एक बोर्ड मी यादीतून काढून टाकणार होतो. त्याच्या विक्रेत्याला आज रात्रीच नाणे टाकून खेळतानाचा आवाज विचारतो.

तुम्ही सुचवलेला क्रम मला पटला: आधी सुपरगन आणि मॉनिटर, मग बोर्ड. कॅबिनेट मात्र मी सोडलेले नाही. ते पुण्याला गेल्यावर बोलवायचे की इथेच तळमजल्यावरचे घर बघायचे, हे आता शांतपणे ठरवता येईल. एक शंका तेवढी उरली आहे. पुण्याच्या आणि त्याहून अधिक मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने बोर्डाची टोके काळवंडतील. वापरात नसताना बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेल घालून ठेवावा असे वाचले आहे. कोकणात किंवा मुंबईत ज्यांच्याकडे असे जुने बोर्ड आहेत, त्यांना एवढे पुरते का? की अधूनमधून बोर्ड चालू करून ऊब देणे जास्त बरे?