अनबॉक्सिंग व्हिडिओची अट काढून टाका!

कोसावाली, महाल

छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या पानांवर एक ओळ हमखास असते : 'अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय माल परत घेतला जाणार नाही.' खाली बारीक अक्षरांत पुढचं. पाकीट उघडतानाचा हा व्हिडिओ अखंड हवा, मधे कट नको, पाकीट सगळ्या बाजूंनी दिसायला हवं, लेबल वाचता यायला हवं. आपल्या नागपुरातले साड्यावाले, मसालेवाले, कूलरवाले एकमेकांची ओळ उचलतात आणि आपल्या पानावर चिकटवतात. माझं म्हणणं, ही अट काढून टाका. पटत नसेल तर खाली या आणि भांडा.

मी करवती कोसा विकते, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या टसर रेशमी साड्या. माल भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडचा. साडी परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. 'धाग्यात गाठी आहेत.' 'रंग फोटोतल्यासारखा नाही.' 'काठाचे दाते एकसारखे नाहीत.' आता कोशाचा धागा मुळातच जाडाबारीक असतो. न रंगवलेल्या कोशाची छटा एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये बदलते. करवतीचे दाते तीन धोटे चालवून हाताने विणतात, ते यंत्रासारखे कसे येतील? हे विणकराला माहीत, मला माहीत. इंदूरच्या बाईला कुठून माहीत असणार? तिला सांगणं हे माझं काम. ज्या साडीसोबत मी गाठीचा जवळून काढलेला फोटो टाकते आणि अंगणातल्या उजेडातला रंग दाखवते, ती सहसा परत येत नाही. मग तिच्याकडून पाकीट फोडण्याचा व्हिडिओ मागून मला काय कळणार आहे?

शिवाय लबाड माणसाला ही अट अडवत नाही. तोच ती सगळ्यात नीट वाचतो आणि अगदी हवा तसा व्हिडिओ काढून ठेवतो. अडकते ती साठीतली मावशी, जिने पार्सल दारातच उघडून शेजारणीला दाखवलं.

माझा नियम सोपा आहे. सात दिवस, टॅग शाबूत, साडी नेसलेली-धुतलेली नको. चूक माझी असेल तर येण्याजाण्याचं भाडं माझं. आवडली नाही म्हणून परत करायची असेल तर परतीचं भाडं तिचं. बाकी जे अंगावर येतं ते मी किमतीत धरते.

खसवाला, इतवारी

ताई, साडीवर नेसल्याची खूण दिसते. माझ्या पंपाचं काय? मी कूलरचे पंप, खसचे पॅड, मोटर विकून राहिलो. नवतपा लागायच्या आधी धडाधड ऑर्डरी येतात, अन् मृगाचा पाऊस पडला की पंप वापस यायला लागतात. 'पाणी फेकत नाही' म्हणे. उघडून पाहा तं आत क्षाराचा पांढरा थर. बोअरच्या पाण्यावर चालल्याबिगर तो थर बसत नाही. म्हणजे अख्खा उन्हाळा माझ्या पंपावर काढला, अन् आता पैसे पाहिजे. याहून भारी प्रकार सांगू? डब्बा माझा, आतला पंप भलत्याच कंपनीचा, जुना. व्हिडिओ मागितला नसता तं मी कोणाले काय सांगणार होतो?

पॅडचं तं विचारूच नका. कुरिअरवाले काट्यावरचं वजन अन् माल खाते त्या जागेचं वजन, यातलं जे जास्त ते धरतात. सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. साठ बाय साठचा, दहा सेंटीमीटर जाड पॅड झाला ७.२ किलो. काट्यावर ठेवा, जेमतेम किलोभर भरते. जाताना ७.२ किलोचं भाडं, येताना पुन्हा ७.२ किलोचं. 'किमतीत धरा' म्हणणं सोपं आहे. शेजारचा दुकानदार तोच पॅड गल्ल्यावर विकते, त्याला भाडंच नाही. माझा भाव वीस रुपयांनी चढला की गिऱ्हाईक त्याच्याकडे.

अट राहील. भांडायला बोलावलं म्हणून आलो.

फक्त घेणारी, त्रिमूर्तीनगर

विकणाऱ्यांच्या बैठकीत गिऱ्हाइकानं तोंड घातलं तर चालेल ना?

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून डिनर सेट मागवला. ऑर्डर करताना व्हिडिओबद्दल अवाक्षर नाही. सूचना कुठे होती माहीत आहे? छापील चिठ्ठीवर. आणि ती चिठ्ठी खोक्याच्या आत! खोकं उघडल्यावर वाचायचं की उघडताना शूटिंग करा. दोन वाट्या फुटलेल्या होत्या. नशिबानं मुलानं हौस म्हणून व्हिडिओ काढला होता, तो पाठवला. उत्तर आलं, 'मॅडम, व्हिडिओ सुरू होण्याआधीच पट्टीचा कोपरा उचललेला दिसतोय.'

खसवाले भाऊ, तुमच्या पंपाचं दुःख कळतं. पण तुम्ही चोर पकडायला जे जाळं लावलंय त्यात आम्हीच सापडतोय. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कात्री, पाकिटावर चिकटपट्टीचे थर, आणि घरात एकटं माणूस. तुम्ही करून पाहा एकदा.

खसवाला, इतवारी

चिठ्ठी आत ठेवणारा येडा आहे, त्याचं मी काय करू? माझी अट पहिल्या फोटोवरच आहे, मोठ्या अक्षरात.

सिव्हिल लाइन्सचा वकील

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे, ती सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्या नियमांनुसार माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर मार्केटप्लेसवरचा, म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवर माल विकणारा विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. उशिराला अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. 'मी तर व्हॉट्सॲपवर विकतो' असं म्हणून सुटका नाही. मूळ कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. बिल न देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

या सगळ्यात व्हिडिओची अट कुठेही नाही. व्हिडिओ हा पुरावा आहे. तो असेल तर ग्राहकाची बाजू भक्कम होते, नसेल तर त्याला दोष दुसऱ्या मार्गाने दाखवावा लागेल. पण 'व्हिडिओ नाही म्हणून तक्रारच ऐकणार नाही' हे टिकायला कठीण.

आता ग्राहक मंडळींसाठी. माल चांगला आहे, वर्णनाप्रमाणे आहे, फक्त मन बदललं, अशा वेळी परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. युरोपात ऑनलाइन खरेदीला १४ दिवस मिळतात, इथे नाही. मोठ्या कंपन्या देतात ते त्यांचं धोरण. कोसावाली ताई देतात तो त्यांचा मोठेपणा.

खसवाला, इतवारी

अन् गुवाहाटीच्या माणसानं तक्रार केली तं मी तिकडे जाऊ?

सिव्हिल लाइन्सचा वकील

तक्रार तो त्याच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करू शकतो, २०१९ च्या कायद्यानं ती सोय दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तुम्ही व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजर राहण्यासाठी अर्ज करू शकता. पण साडेतीनशेच्या पंपासाठी तारखा मोजायच्या की पैसे देऊन मोकळं व्हायचं, हे तुम्हीच ठरवा.

सावजीवाली, नंदनवन

माझ्याकडे वेगळाच खेळ. मसाला आणि लोणचं एकदा घराबाहेर गेलं की परत आलं तरी मी विकू शकत नाही. सील शाबूत दिसलं तरी मधल्या काळात ते कुठल्या उन्हात पडलं होतं कोण जाणे. मे महिन्यातल्या नागपूरच्या गोदामात लोणच्याच्या बरणीचं काय होतं ते आम्हाला विचारा. म्हणून मी माल परत मागवतच नाही. गळलेल्या पाकिटाचा फोटो पाठवा, पैसे घ्या. व्हिडिओ नको, पण फोटो हवाच. कोसावाली ताईंसारखं नुसत्या शब्दावर चालवलं तर महिनाभरात दुकान बंद.

आणि 'तिखट लागलं' हा दोष नाही. सावजी मसाला घ्यायचा, वर लाल अक्षरांत 'झणझणीत' लिहिलेलं वाचायचं, आणि मुलांनी खाल्लं नाही म्हणून पैसे मागायचे. अशांना मी नम्रपणे दही सुचवते.

हिशेबवही, सीताबर्डी

सावजीवाली ताई, माल परत न मागवता पैसे देता, ठीक. जीएसटी नोंदणी असेल तर एवढं पाहा : वाया गेलेला म्हणून खात्यातून काढलेला किंवा फुकट देऊन टाकलेला माल असेल, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उलटवावं लागतं, जीएसटी कायद्याचं कलम १७(५). माल खरोखर परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद काढा आणि ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत त्याची नोंद दाखवा. मार्केटप्लेस तुमच्या पैशांतून आधीच जो कर (टीसीएस) कापतं, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. तो आकडा तुमच्या वहीशी जुळतो का, हे बहुतेक जण पाहतच नाहीत. व्हिडिओवरून भांडून होईल तेव्हा हेही बघा.

वाडीचा हबवाला

मी अमरावती रोडवर पार्सलच्या गोदामात काम करतो. तुमचं भांडण वाचून हसू येऊन राहिलं. उघडून परत आलेला माल एका कोपऱ्यात मावतो. भिंतीला लागून जो ढीग असतो तो आरटीओचा, म्हणजे गिऱ्हाइकानं दारातून घेतलाच नाही म्हणून उलटलेला. जवळपास सगळा कॅश ऑन डिलिव्हरीचा, म्हणजे सीओडीचा. 'घरी नाही', 'मी मागवलंच नाही', 'पोरानं चुकून दाबलं', 'उद्या या'. विक्रेत्याला जायचं भाडं लागते, यायचंही लागते, अन् पाकीट दोन-तीन गोदामं फिरून चेपून येते. पाकीट उघडलंच नाही, तं व्हिडिओ कशाचा?

पोस्टाच्या व्हीपीपीत आधी पैसे मोजायचे, मग पाकीट हातात पडायचं. पण तिथंही लोक परत पाठवतच होते.

सीओडी बंद करा, निदान नव्या गिऱ्हाइकाला. नाहीतर आधी शंभर रुपये घ्या, बाकीचे दारात. ज्यानं शंभर दिले तो घरी राहतेच.

कोसावाली, महाल

हबवाले भाऊ, हे मनापासून पटलं, आणि माझ्या बाजूचंच आहे. आपण सगळी ताकद उघडलेल्या पाकिटावर लावतो, गळती दुसरीकडेच. सीओडी मात्र सरसकट बंद करणं मला जमणार नाही. तालुक्याच्या गावातल्या बायका अजून आधी पैसे पाठवायला कचरतात, आणि त्यांनी का कचरावं हे वरचा डिनर सेट वाचल्यावर वेगळं सांगायला नको. टोकन घेऊन पाहते.

सावजीवाली ताई, फोटोला माझी ना नाही. फुटलं, गळलं, डाग आहे, तर फोटो कोणीही काढतं, नंतरही काढता येतो. माझा विरोध 'उघडण्याच्या क्षणाचा पुरावा दे, नाहीतर तू खोटी' याला आहे.

पण खसवाले, तुमचं उत्तर व्हिडिओत नाहीच. पंप बदलून पाठवणारा माणूस तुमचा नवा पंप उघडतानाचा छान व्हिडिओ काढेल आणि नंतर जुना भरून पाठवेल. व्हिडिओ त्याच्याच कामी येईल! पंपाच्या अंगावर तुमचा नंबर कोरा, बिलावर तोच लिहा. परत आला की नंबर जुळवा. आणि क्षाराचा थर बसायच्या आत मुदत संपू दे. 'चालत नाही' हे पहिल्या दिवशी कळतं, मृगापर्यंत वाट बघावी लागत नाही.

फक्त घेणारी, त्रिमूर्तीनगर

नंबर कोरणं मला आवडलं. त्यात माझं काही काम नाही.

खसवाला, इतवारी

नंबराचं डोक्यात होतं, कोरणीचं मशीन पाहून ठेवलं आहे. मुदतही कमी करतो. पण पंप खरंच चाळीसाव्या दिवशी बंद पडला तं? वकील साहेब म्हणतील सदोष माल. मग त्यासाठी वॉरंटी वेगळी लिहावी लागते, अन् वॉरंटीत पैसे नाही, बदली पंप. हे दोन कागद लोक एकच समजतात अन् सगळा झगडा तिथून चालू होते.

ओळ काढणार नाही, मजकूर बदलतो. 'पंप डब्यातून काढला की नंबराचा एक फोटो काढून ठेवा.' व्हिडिओ नाही. ऑर्डरच्या आधी दिसेल असं लिहितो.

पॅड मात्र वापस घेणार नाही. फाटका आला तं फोटो पाठवा, नवीन पाठवतो. वास आवडला नाही, साइज चुकली, तं माझ्याकडे येऊ नका. साइज मोजायची पट्टी फोटोत दिली आहे.

कोसावाली, महाल

पंपाचा फोटो सक्तीचा केलात की तीच अट झाली, फक्त लहान.

खसवाला, इतवारी

लहान तं लहान.

फक्त घेणारी, त्रिमूर्तीनगर

आणि फोटो काढायला विसरले तर?

खसवाला, इतवारी

तं पंप पाठवा, उघडून पाहीन. दोष निघाला तं भाडं माझं. क्षार निघाला तं तुमच्याच भाड्यानं वापस.