ईमॅक्समध्ये ‘गुऱ्हाळ’ शोधलं तर निम्मीसुद्धा सापडत नाहीत

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचे आबा चाळीस वर्षं गुळव्या होते. कराडच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर काहिलीपाशी उभं राहून जे शिकले ते त्यांनी सात वह्यांत लिहून ठेवलंय. कुठल्या उसाला किती जाळ, भेंडीचं पाणी कधी घालायचं, पाक गार पाण्यात टाकला की गोळी कशी वळली पाहिजे, सगळं. या वह्या मी ईमॅक्समध्ये (मजकूर लिहायचा-शोधायचा प्रोग्राम) एका ऑर्ग फाइलीत (ईमॅक्सचाच मथळे लावून लिहायचा प्रकार) लावतेय. पहिल्या चार एका डीटीपीवाल्यांकडून टाइप करून घेतल्या (त्यांच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणून दिल्या), पाचवी-सहावी भाच्यानं फोनवर केली, सातवी माझी चालू आहे.

शब्दसूचीसाठी काल ‘ऑकर’ कमांडला ‘गुऱ्हाळ’ दिलं. ८७ ठिकाणं आली, आणि त्यांत पहिल्या चार वह्यांतलं एकही नाही! पहिल्या वहीचं पहिलं वाक्यच ‘गुऱ्हाळ लावायचं तर आधी चुलवाण बघावं’ असं आहे. कर्सर त्या शब्दावर ठेवून शोधलं तरी ईमॅक्स पुढं निघून जातं. ‘काहिल’, ‘चुलवाण’, ‘ढेप’ सगळीकडे सापडतात. ‘पायऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांना’ मात्र नाहीत.

एके ठिकाणी वाचलं की मजकुरात न दिसणारी अक्षरं असतात, ती सगळी काढून टाका. मी काढली. चारही वह्यांत ‘गुर्हाळ’ झालं, ह च्या डोक्यावर रफार. ‘डोंगराच्या दऱ्या’ होत्या तिथं ‘दर्या’ आला. फाइल सेव्ह करून बंदही केली होती. नावापुढे टिल्डे लागलेली बॅकअप फाइल त्याच फोल्डरमध्ये होती म्हणून सगळं परत मिळालं. आता पुन्हा हात लावायची भीती वाटते. ईमॅक्स २९, उबुंटू, टायपिंग ईमॅक्सच्याच इनस्क्रिप्ट कीबोर्डनं.

रात्रपाळी:
फॉन्टसेटमध्ये देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी लावून बघा. माझी जोडाक्षरं त्यानंच सुधारली होती.

कृष्णाकाठ:
दादा, तोच लावलाय. दिसायला काहीच अडचण नाही, सगळी ‘गुऱ्हाळं’ एकसारखी दिसतात. सापडत नाहीत, एवढंच.

लिस्पकर:
ताई, एकसारखी दिसतात पण साठवलेली वेगळी आहेत. पहिल्या वहीतल्या शब्दात ‘ऱ्हा’ वर कर्सर ठेवा आणि कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स, मग बरोबरचं चिन्ह दाबा. खाली खिडकी उघडेल, तिथं कोडपॉइंट (अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक) २३५२ दिसेल, म्हणजे साधा र. आता पाचव्या वहीत तेच करा. तिथं २३५३ असेल, म्हणजे नुक्त्याचा ऱ. फरक एका आकड्याचा, पण ईमॅक्सच्या लेखी दोन वेगळे शब्द.

हा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एक, ऱ आणि त्याचा पाय मोडायचा. ही १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकापासून चालत आलीय. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदी नसलेलं जोडचिन्ह). ही युनिकोडच्या २.० आवृत्तीतली, आणि जुना मजकूर मोडू नये म्हणून आजही चालू ठेवलीय. दोन्ही अधिकृत आहेत, फॉन्ट दोन्हींना एकच आकृती देतो. गुऱ्हाळ आणि गुर्‍हाळ, हे दोन शब्द मी आत्ता दोन रीतींनी टाइप केलेत. डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत.

तुमच्या डीटीपीवाल्यांच्या कन्व्हर्टरनं दुसरी रीत वापरली असणार. झेडडब्ल्यूजे काढला की उरतो नुसता र आणि हलन्त, आणि नियमानं त्याचा रफार होतो. मराठीत हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, अर्थच पालटतो. आचार्यांना नमस्कार करायचा की आचाऱ्यांना, हे त्या एका न दिसणाऱ्या अक्षरावर ठरतं. म्हणून झेडडब्ल्यूजे सरसकट काढायचा सल्ला मराठी मजकुराला कधीही लावू नका. ‘क्‍ष’ सारखं जोडाक्षर मुद्दाम सुटं दाखवायलाही तोच लागतो.

काढायचं नाही, बदलायचं. आणि तेही फक्त या तीन अक्षरांची जोडी एकत्र आली तरच. ऑल्ट-टक्का दाबा. ‘काय शोधू’ विचारल्यावर र आणि हलन्त टाइप करा, मग कंट्रोल-एक्स, ८, एंटर, तिथं २००डी (आकडे इंग्रजी), एंटर. मिनिबफरमध्ये (खालच्या टाइप करायच्या ओळीत) तिसरं अक्षर दिसणार नाही, पण आलेलं असतं. बदली म्हणून ऱ आणि हलन्त. पहिली दहा-बारा वाय दाबत डोळ्याखालून घाला, पटलं की उद्गारचिन्ह दाबा, उरलेली एका दमात होतील.

पुढं पुन्हा कुणी तसा मजकूर चिकटवला तर? त्यासाठी इनिट फाइलीत (ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती) छोटं फंक्शन ठेवा. माझ्याकडे त्याचं नाव ‘अर्धा-र-सुधार’ आहे. ईमॅक्सच्या लिस्प भाषेत नाव देवनागरीत चालतं. आत सेव्ह-एक्सकर्शन, मग गोटू-चार नं बफरच्या सुरुवातीला जायचं, आणि व्हाइलमध्ये सर्च-फॉरवर्ड व रिप्लेस-मॅच. शोधायची अक्षरं थेट टाइप न करता बॅकस्लॅश-यू लावून कोडनं लिहा: ०९३०, ०९४डी, २००डी. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा काय लिहिलंय ते दिसेल तरी. हे फंक्शन बिफोर-सेव्ह-हुकला लावायचं, म्हणजे सेव्ह करण्याआधी ते आपोआप चालतं, पण ऑर्ग-मोड-हुकच्या आतून, आणि ॲड-हुकचं चौथं आर्ग्युमेंट टी द्यायचं. ते विसरलात तर सेव्ह कराल ती प्रत्येक फाइल बदलेल, दुसऱ्यांचीसुद्धा.

जुनी_पोथी:
लिस्पकरांचं निदान बरोबर आहे, पण मूळ मजकूर बदलायची घाई करू नये असं मला वाटतं. मी हस्तलिखितांच्या नकला करतो. आमच्याकडे आलेली फाइल जशीच्या तशी राहते. शोधापुरतं काम असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एस नं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरांचा साचा देऊन शोधा. गु, मग चौकटी कंसात र आणि ऱ, मग हलन्त, मग झेडडब्ल्यूजे आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग हाळ. कंसामुळे हलन्त सुटा पडून विचित्र दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. या साच्यात दोन्ही रीती सापडतात आणि चुकून रफार झालेलंही.

इनस्क्रिप्टवाली:
ताई, तुमच्या सातव्या वहीसाठी. इनस्क्रिप्टमध्ये जे वर र आहे आणि शिफ्ट-जे वर ऱ. गुऱ्हाळ म्हणजे आय, जी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, शिफ्ट-एन. चार दिवसांत बोटांना सवय होते, झेडडब्ल्यूजे लागतच नाही. आणखी एक: ईमॅक्समध्ये बॅकस्पेस एकेक कोडपॉइंट खोडतो. जुन्या रीतीच्या शब्दात ह खोडला तरी झेडडब्ल्यूजे मागं राहतो. शंका आली की ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद करा, अक्षरं सुटी होतात आणि नेमकं कुठं काय आहे ते दिसतं. काम झालं की परत चालू करा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. २३५२ आणि २३५३ डोळ्यांनी पाहिले तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

जुनी_पोथी, तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणून डीटीपीकडून आलेल्या चारही फाइली ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये तशाच ठेवल्यात. पण माझ्या लेखी मूळ म्हणजे वही. आबांनी पेनानं लिहिलं, त्यांचा अर्धा र एकच होता. दोन झाले ते आमच्या टायपिंगमध्ये. त्यामुळे एकत्र फाइलीत मी लिस्पकरांच्या रीतीनं बदल केला. १४१ ‘गुऱ्हाळं’ बदलली, आता ऑकर २२८ दाखवतं. ‘दऱ्या’ जागच्या जागी आहेत. ‘अर्धा-र-सुधार’ हुकला लावलंय, चौथ्या टी सकट.

मग जुनी_पोथींचा साचा चालवून बघितला तर २३१ आली. तीन जास्तीची! तिन्ही सहाव्या वहीत, भाच्याच्या टायपिंगमध्ये, खरोखरच रफार दिलेली ‘गुर्हाळं’. कागदाची वही काढून ती पानं पाहिली. एका पानावर काकवीचा डाग आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. तिन्ही ठिकाणी आबांनी ‘ऱ्ह’ च काढलाय. तेवढी तीन हातानं दुरुस्त केली, शिफ्ट-जे नं.