बिल्ला, चकती की बक्कल? मोटार कारखान्यांतले कामगारांचे जुने बॅज

अनुवादी
एका संग्राहकाच्या यादीचं मराठी करतोय. विषय अमेरिकेतल्या, मुख्यतः डेट्रॉइट भागातल्या मोटार कारखान्यांतले कामगारांचे जुने बॅज. पहिल्या पानावर 'एम्प्लॉयी बॅज'ला बिल्ला केलं आणि खूश झालो. तिसऱ्या पानावर 'टूल चेक' आलं, त्यालाही बिल्लाच केलं. मग 'रेडिएटर बॅज' आला. आता पानोपानी नुसते बिल्ले झालेत आणि कुठला कुठला ते मलाच कळत नाही. दुसरे शब्द सुचवा.

कोशकिडा
चपरास! फारसीत 'चप-ओ-रास्त' म्हणजे डावं-उजवं. त्यावरून पट्ट्याचं बक्कल, मग पट्ट्यावरची नाव-हुद्द्याची पितळी पाटी. ती लावतो तो चपराशी. माणूस भाषेत राहिला, पाटी गेली. ती परत आणायची ही संधी आहे.

अनुवादी
कोशकिडा, शब्द झकास आहे, पण 'फोर्डच्या कामगाराची चपरास' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला हातात फायली दिसतील, पाना नाही.

कोशकिडा
बरं, मग बक्कल. पोलिसाचा 'बक्कल नंबर' सगळ्यांना कळतो. तिथे कुणी कंबरपट्टा बघत नाही, माणूस ओळखायचा क्रमांक एवढाच अर्थ उरलाय. कारखान्याच्या बॅजचं कामही तेच.

पितळखोर
क्रमांकासाठी बक्कल नंबर चालेल, वस्तूसाठी नको. मी ही पितळं गोळा करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. नावं ठरवताना वस्तू राहायची कुठे ते बघा. अंगावर टाचायचा तो बिल्ला. खिळ्यावर टांगायची ती चकती. गाडीच्या नाकावर बसायचं ते गाडीचं चिन्ह, त्याचा कामगाराशी संबंध नाही.

टूल चेक म्हणजे चकतीच. गोल, पितळी, वर एक भोक, मधे क्रमांक. हत्यारखोलीतून पाना किंवा गेज घ्यायचं आणि त्या जागी आपली चकती अडकवून यायची. हत्यार परत केलं की चकती परत. विकणारे सर्रास हिलाच बिल्ला म्हणून खपवतात, कारण बिल्ल्याला जास्त पैसे येतात. मागे पिन नाही, पिन जोडल्याच्या डाखाची खूणही नाही आणि वर भोक आहे, तर ती चकती. तुमच्या यादीत हा घोळ झाला तर नुसता शब्द चुकणार नाही, किंमत चुकेल.

अनुवादी
'डाख' बऱ्याच दिवसांनी वाचला! मागच्या बाजूच्या वर्णनात नेमका अडकलोय. 'सी क्लास्प', 'स्क्रू बॅक' यांचं काय करू?

पितळखोर
पिन आणि तिचा आकडा. जुन्या बिल्ल्यावर बहुतेकदा उघडाच आकडा असतो, इंग्रजी सी-सारखा वाकवलेला. स्क्रू बॅकला 'मागे आट्यांची दांडी आणि फिरकी'. टाय-पिनेला असते तशी दोन कानांची चिमटी दिसली तर सावध व्हा. ती नंतरची पद्धत, १९२०च्या म्हणून सांगितलेल्या बिल्ल्यावर शोभत नाही.

आत्ता माझ्यासमोर पॅकार्ड या मोटार कंपनीचा एक बिल्ला आहे. क्रमांकाचे आकडे एकेक ठोकलेत, त्यातला सात जरा वर सरकलाय आणि उजवीकडे कललाय. कडेचा निकेलचा मुलामा उतरून खालचं पितळ दिसतंय. मराठीत पितळ उघडं पडलं की माणूस खोटा ठरतो, इथे मात्र पितळ उघडं पडलं की बिल्ला बहुधा खरा ठरतो. अट एवढीच की झीज असायला हवी तिथेच असावी, म्हणजे कडांवर आणि उंचवट्यांवर. खोलगट भागातही सारखीच झीज असेल तर कुणीतरी कानस नाहीतर आम्ल वापरलंय.

कोशकिडा
अनुवादी, मुलाम्यावरून आठवलं. तुमच्या मसुद्यात 'निळा मुलामा' आहे, तो काढा. मुलामा धातूचा पातळ थर. रंगीत काच भाजून भरलेली असते ती मीनाकारी. सरळ 'निळा मीना' लिहा.

पितळखोर
सहमत. आणि हा फरक ओळखताना कामाला येतो. भाजलेला मीना काचेसारखा टणक, तुटला तर टवका उडतो. नव्या नकलांत मऊ रंग नाहीतर राळ ओतलेली असते. ती दबते, तिच्यावर नखाचा ओरखडा उठतो, टवके उडत नाहीत.

फोटोच्या बिल्ल्यावर सेल्युलॉइडचा पापुद्रा असू शकतो. अंगठ्याने चोळून ऊब आली की कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. कुणी तापलेली सुई टोचून बघायला सांगितलं तर ऐकू नका, ते भसकन पेटतं. बिल्ला गेला तरी चालेल, बोटं राहू देत.

आता वर्षाबद्दल. कंपन्यांचा इतिहास हाताशी ठेवा. क्रायस्लर १९२५ची, डॉज तिने १९२८मध्ये घेतली. म्हणजे दोन्ही नावं एकत्र असलेला '१९२२चा' बिल्ला हा नुसता मनातला मांडा. हडसन आणि नॅश १९५४मध्ये मिळून अमेरिकन मोटर्स झाल्या. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२मध्ये खाजगी गाड्यांचं उत्पादन थांबलं आणि कारखाने युद्धाच्या कामाला लागले. फोर्डच्या विलो रन कारखान्यात बी-२४ बॉम्बफेकी विमानं व्हायची, पॅकार्डकडे विमानांची मर्लिन इंजिनं. तेव्हा पहारा कडक, म्हणून त्या काळात फोटोचे बिल्ले पुष्कळ.

अनुवादी
लहान क्रमांक म्हणजे जुना कामगार, असं एका नोंदीत लिहिलंय. ठेवू?

पितळखोर
काढा. माणूस गेला की त्याचा क्रमांक दुसऱ्याला जायचा. १९१३मध्ये फोर्डच्या हायलंड पार्कला सुमारे १४,००० माणसं टिकवायला वर्षात ५२,०००वर भरती करावी लागली होती. पाच डॉलर रोज सुरू केला तो पुढच्याच जानेवारीत, माणसं टिकावीत म्हणूनही. अशा ठिकाणी लहान क्रमांकावरून काय ठरवणार? काही ठिकाणी तर क्रमांक खात्यानुसार.

अनुवादी
शेवटचं. 'व्हॅल्यू'ला कुठे किंमत, कुठे मूल्य, कुठे मोल लिहिलंय.

कोशकिडा
मोल भावनेकडे झुकतं, यादीत नको. विकणारा सांगतो ती किंमत. सौदा होऊन पैसे हातात पडले तो आलेला भाव. दोन वेगळे रकाने करा.

पितळखोर
माझ्या मते सांगितलेल्या किमतीचा रकानाच नको, सांगायला काय जातं! भाव कशाने चढतो ते मात्र लिहा. फोर्डची माणसं अफाट, म्हणून साधे बिल्ले मुबलक. बंद पडलेल्या लहान कंपनीचा, किंवा फोरमन, पहारेकरी असा हुद्दा कोरलेला असेल तर चढा. मीन्याचा टवका उडाला की भाव खाली. सोबत त्याच क्रमांकाचं पगारपाकीट असेल तर भाव वर. आणि चिंच लावून घासूनपुसून लखलखीत केला असेल तर गेलाच. लोकांना वाटतं कळकलेलं पितळ म्हणजे दुर्लक्ष. संग्राहक त्या काळसर थराचेच पैसे देतो.

अनुवादी
दोन नोंदी अशा केल्या, बघा:
'बिल्ला. पॅकार्ड. पितळ, निकेलचा मुलामा (कडांना उतरलेला), निळा मीना, एक टवका. मागे पिन, उघडा आकडा. न घासलेला.'
'चकती, हत्यारखोलीची. पितळ. वरच्या अंगाला छिद्र. क्रमांक ठोकलेला.'

पितळखोर
पहिली तशीच राहू द्या. दुसरीत कंपनीचं नाव चकतीवर आहे की नाही तेही लिहा. पुष्कळ चकत्यांवर नुसता क्रमांक असतो आणि नाव विकणाऱ्याच्या तोंडचं असतं.

कोशकिडा
आणि छिद्र कशाला, भोक म्हणा.