मदत हवी आहे: स्लाइड फिल्म (ई-6) अजून कुठे धुऊन मिळते? भुसावळहून विचारतोय

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. कोडॅक एक्टाक्रोम ई100 या स्लाइड फिल्मचा 36 फोटोंचा रोल काढून झालाय, सगळा सातपुड्यातला, पाल गावाकडे पळस फुलला होता तेव्हाचा आणि होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराचा. आता तो धुवायचा कुठे?

जळगाव, धुळे दोन्हीकडे विचारलं. जुन्या स्टुडिओवाल्यांची मशीनं कधीच भंगारात गेली, आता फक्त डिजिटल प्रिंट. एका ठिकाणी म्हणाले द्या इकडे, बाकीच्या कलर रोलबरोबर मुंबईला पाठवून देतो, सगळं एकच असतं. एकच नसतं ना भो! साधा कलर निगेटिव्ह रोल सी-41 नावाच्या केमिकल प्रक्रियेत धुतात आणि स्लाइड ई-6 मध्ये, आणि स्लाइड सी-41 मध्ये गेली की हातात विचित्र भडक रंगाची निगेटिव्ह येते, ती परत कधी स्लाइड होत नाही. काही जण हौसेने क्रॉस प्रोसेस करतात, करू देत, मला स्लाइडच पाहिजे, उजेडासमोर धरली की पळस केशरी दिसला पाहिजे. आणि ती मामांच्या प्रोजेक्टरवर भिंतीवर बघायची आहे, म्हणून नुसतं स्कॅन करून मेल करणारी लॅब नको, फिल्म परत पाहिजे, माउंट करून (चौकटीत बसवून) देत असतील तर फारच छान.

दुसरं म्हणजे मामांकडे (रेल्वेतून रिटायर झालेत) एक न धुतलेला कोडाक्रोम 64 निघालाय, परदेशातून कोणीतरी आणून दिला होता. डबीवर के-14 लिहिलंय, ती कोडाक्रोम धुवायची वेगळी पद्धत. त्यात माझ्या आजीचे फोटो आहेत असं ते सांगतात, आणि आजीचा रंगीत फोटो आमच्या घरात एकही नाही. हा कुठे धुतात का?

चाळीसगावच्या घरात बसून केकी मूस यांनी जे फोटो केले ते बघायला लोक अजून येतात, आणि त्याच खान्देशात आज एक रोल धुवायला जागा नाही, याचं फार वाईट वाटतं.

प्रतिसाद: जुनी_शटर, नाशिक

भाऊ, आधी कोडाक्रोमचं सांगतो, कारण ते सांगणं अवघड आहे. तो रंगीत आता जगातली कुठलीच लॅब करत नाही. एक्टाक्रोममध्ये रंग तयार करणारं द्रव्य फिल्मच्या थरातच असतं, कोडाक्रोममध्ये ते नसतं, फिल्म मुळात ब्लॅक अँड व्हाइटसारखी आणि तिन्ही रंग धुताना तीन वेगळ्या डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या केमिकलमधून) भरायचे. ती केमिकलं कोडॅकने बंद केली. फिल्म 2009 ला बंद झाली, आणि अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो ही शेवटची लॅब, तिने 30 डिसेंबर 2010 पर्यंत आलेलेच रोल घेतले. पण रोल टाकून देऊ नका! ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह म्हणून धुता येतो, चेहरे मिळू शकतात. मागे काळा रेमजेटचा थर असतो तो काढावा लागतो, म्हणून ज्याने आधी कोडाक्रोम केलाय त्यालाच द्या. ई-6 वाल्याच्या हातात चुकूनही नको.

तुमचा ई100 मात्र नक्की होईल. मुंबई-पुण्याकडे फिल्म घेणाऱ्या लॅबना फोन करा, पण "स्लाइड करता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की ई-6 तुमच्याकडेच करता की पुढे पाठवता, सहा बाथची (म्हणजे सहा टप्प्यांची) केमिकलं की तीन बाथचं किट, पुढची बॅच कधी. रोल साठेपर्यंत थांबवतात, त्यात वाईट काही नाही, केमिकल ताजं असणं जास्त महत्त्वाचं. आणि त्यांनी आधी धुतलेली एखादी स्लाइड बघायला मागा, काळा भाग खरंच काळा आहे का ते बघा.

प्रतिसाद: केळीची_बाग, रावेर

दादा घरी पण होतं, मी तीन बाथच्या किटवर करतो. पहिला डेव्हलपर 38 डिग्रीला आणि त्यात अर्धा डिग्रीसुद्धा इकडेतिकडे चालत नाही, स्लाइड उजळ होणार की काळवंडणार ते तिथेच ठरतं. बाकीचे बाथ थोडं सांभाळून घेतात. सगळीकडे लोक पाणी गरम ठेवायच्या मागे असतात, आपल्याकडे वैशाखात टाकीचं पाणीच इतकं तापतं की बर्फ टाकून खाली आणावं लागतं, म्हणून मी हे काम थंडीतच करतो. पण पहिलाच रोल एवढा जिवाभावाचा असेल तर लॅबलाच द्या.

तोवर दोन्ही रोल हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. कुरिअरची गाडी उन्हात तासनतास उभी असते त्यामुळे या दिवसांत पार्सल नकोच, रात्रीच्या गाडीने कोणी मुंबईला चाललं असेल तर त्याच्या हातात द्या.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मामांना कोडाक्रोमचं सांगितलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले काळापांढरा तर काळापांढरा, आई दिसू दे. म्हणजे तो रोल ब्लॅक अँड व्हाइटलाच द्यायचा ठरलं. आता आपल्या देशात कोणी स्वतः हाताने कोडाक्रोम असा धुतलेला असेल तर प्लीज इथेच सांगा, कोणता डेव्हलपर वापरला आणि रेमजेट कसा काढला तेही लिहा.

ई100 साठी उद्यापासून फोन सुरू करतो, लॅबवाले जे सांगतील ते इथे टाकत जाईन, इकडच्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. आणि प्रोजेक्टरचा दिवा गेलाय, 24 व्होल्ट 250 वॅटचा हॅलोजन, दोन पिनांचा. जळगाव किंवा नाशिकला कुठे मिळतो का?