उसातली अळी आणि उकिरड्यातली अळी एकच का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. निपाणीजवळ आमचा दीड एकर ऊस आहे, बांधावर सात-आठ नारळ. गेल्या आठवड्यात ऊस ठिकठिकाणी पिवळा दिसायला लागला. एक बेट ओढलं तर हातातच आलं, खाली मुळ्याच नाहीत! मातीत चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, तांबूस डोक्याच्या पांढऱ्या अळ्या. ही हुमणी, यात शंका नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर भुंगेरे घोंगावत होते, तेव्हा आम्ही ‘उद्या बघू’ करत बसलो.

अडचण पुढेच आहे. उकिरडा उपसायला घेतला तर त्यातही तशाच अळ्या, पण अंगठ्याएवढ्या जाड. आबा म्हणतात, हीच हुमणी, खत रानात टाकू नको. शेजारचे कन्नड काका दोन्हीला गोण्णे हुळूच म्हणतात. मला मात्र गेंड्या भुंग्याचा संशय आहे, कारण नारळाची नवी पानं कात्रीनं त्रिकोणी कापल्यागत निघतायत.

हुमणीची अळी जिवंत मुळ्या खाते. तिचा भुंगेरा कडुनिंब-बाभळीचा पाला खातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. गेंड्याचं उलटं. अळी कुजलेल्या शेणात गुमान वाढते आणि भुंगा झाला की नारळाच्या शेंड्यात घुसतो. एक लहानपणी वाईट, दुसरा मोठेपणी. (आमच्या भावकीत दोन्ही नमुने आहेत.)

तर ओळखायचं कसं? आणि खत उसाला टाकू का नको?

उत्तर : दादा, अळीचं मागचं टोक भिंगातून बघा. गुदद्वाराची चीर इंग्रजी वायसारखी असेल तर हुमणी, सरळ आडवी असेल तर गेंड्या. उताणी होऊन पाठीवर सरकत असेल तर ती तिसरीच, फुलांवरच्या भुंगेऱ्याची. खत पूर्ण कुजू द्या, अळ्या वेचून कोंबड्यांना घाला, मगच टाका. कच्च्या शेणखताकडे हुमणीची मादी अंडी घालायला येते, म्हणजे आबाही अगदीच चुकीचे नाहीत. अळ्यांना रोग लावून मारणारी मेटारायझियम बुरशी दोन्हींवर चालते, पण गेंड्यासाठी तिचा प्रकार वेगळा, दुकानात विचारून घ्या. नारळातला भुंगा तारेच्या हुकानं ओढून काढावा लागेल.

धागाकर्ता : बघितलं. उसातल्या सगळ्या वाय, उकिरड्यातल्या सगळ्या आडव्या. आबांना भिंग दिलं, तर म्हणाले, “आधी माझा चष्मा आण.” आता हूक घेऊन नारळावर चढणारं कुणी निपाणीच्या आसपास असेल तर कळवा.