गव्हाळ-सोनेरी वर्ण, तांबूस केस, घारे डोळे : कपड्यांचे रंग कसे निवडावेत?

माहुली (सातारा)

नमस्कार. प्रश्न जरा सविस्तर मांडते, कारण थोडक्यात विचारले की "तुम्हाला सगळेच रंग शोभतात" असे उत्तर मिळते आणि मूळ अडचण तशीच राहते.

माझे वय ३८ आहे. वर्ण गव्हाळ, पण त्यात गुलाबीपेक्षा पिवळसर सोनेरी झाक अधिक आहे. केस काळेभोर कधीच नव्हते. उन्हात उभी राहिले की ते तांबूस दिसतात. डोळे घारे, मधाच्या रंगाचे. गेल्या वैशाखात नणंदेच्या लग्नासाठी मी फिकट गुलाबी, रुपेरी जरीची रेशमी साडी घेतली. दुकानात साडी खांद्यावर टाकून दाखवताना "मॅडम, या रंगात तुम्ही उजळ दिसता" असे सांगितले गेले आणि आरशात पाहताना मलाही ते पटले. लग्नाचे फोटो हाती आले तेव्हा साडी देखणी दिसत होती आणि चेहरा मात्र आठवडाभराच्या आजारातून उठल्यासारखा. डोळ्यांखालची वर्तुळे, ओठांच्या कडेची सावली, सगळे गडद झालेले. आदल्या दिवशी हळदीला मी आईची जुनी विटकरी, मोहरी काठांची सुती साडी नेसले होते. रात्रभर जागरण झालेले असूनही त्या फोटोत मी टवटवीत दिसते.

असे का होत असावे? शिवाय मी शाळेत शिक्षिका आहे आणि दर सोमवारी आम्हाला फिकट निळी गणवेशाची साडी नेसावी लागते. तिच्यातही चेहरा पिवळा पडतो, पण ती टाळता येत नाही. मार्गशीर्षात भावाचे लग्न आहे आणि खरेदी खण आळीत करायची आहे. या वेळी पैसे वाया जाऊ नयेत, एवढीच इच्छा आहे.

हरिपूरकर (सांगली)

माहुलीताई, आमच्या घरात दोन पिढ्या हळदीचा व्यापार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी हळकुंड वरून कितीही तकतकीत असले तरी जाणता खरेदीदार ते मोडून आतला गाभा पाहतो, कारण वरची चमक पॉलिशने आलेली असते आणि आतला रंग हळदीचा स्वतःचा असतो. त्वचेच्या बाबतीतही वर्ण आणि छटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ण म्हणजे उजळ-सावळेपणा. तो मुख्यतः मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्याच्या प्रमाणावर ठरतो आणि उन्हाने बदलतो. छटा ही मेलॅनिनचा प्रकार, रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्वचेतील कॅरोटिन यांच्या मिश्रणातून येते आणि ती सहसा बदलत नाही. महिनाभर शेतावर राबलेला माणूस काळवंडतो, पण त्याची पिवळसर छटा गुलाबी होत नाही. आपल्याकडे कपडे घेताना सगळे लक्ष वर्णाकडे असते, छटेकडे कोणी पाहत नाही, आणि आपली फसगत नेमकी इथेच झाली आहे असे मला वाटते.

छटा ओळखण्यासाठी मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या ते पाहावे, असे सांगितले जाते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर शिरा मुळातच धूसर दिसतात, त्यामुळे मी त्या खुणेवर विसंबत नाही. त्यापेक्षा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दाराशी किंवा खिडकीशी, पण थेट उन्हात नव्हे, आरसा घेऊन बसावे. टिकली आणि लिपस्टिक काढावी, अंगावरचे कपडे पांढऱ्या पंचाने झाकावेत, आणि हनुवटीखाली आधी विटकरी कापड धरावे, मग गुलबक्षी. कापडाकडे पाहू नये, चेहऱ्याकडे पाहावे. हनुवटीची कड स्वच्छ दिसते का, नाकाच्या बाजूची सावली हलकी होते की गडद, डोळ्यांतला मधाचा रंग उठून येतो की विझतो, एवढे पाहिले तरी पुरे. आपल्या वर्णनावरून विटकरीच जिंकेल, याची मला खात्री आहे.

आता निवड करताना "हिरवा शोभतो, लाल शोभत नाही" असा विचार करू नये. प्रत्येक रंगाला एक उबदार अंग असते आणि एक थंड. हिरव्यात शेवाळी, मेंदी, कढीपत्त्याच्या पानाचा हे आपले; निळसर झाक असलेला बाटलीचा हिरवा दुसऱ्यांसाठी. लालात शेंदरी, गेरू, विटकरी, तिखटपुडीचा लाल हे घ्यावेत आणि राणी, गुलबक्षी बाजूला ठेवावेत. पिवळ्यात हळदी आणि मोहरी चालतील, लिंबाचा पिवळा चालणार नाही. जांभळाच हवा असेल तर आमसुली घ्यावा. पांढऱ्यातसुद्धा हा भेद आहे : नीळ दिलेले पांढरेशुभ्र कापड आपल्या चेहऱ्याला फिके पाडेल, तर कोऱ्या सुती कापडाचा मोतिया रंग त्याच चेहऱ्याला उजाळा देईल. सोने आणि तांब्याची झाक असलेली जरी घ्यावी, रुपेरी टाळावी. काळा रंगही मी टाळायलाच सांगेन. त्याच्या जागी गडद तपकिरी किंवा कॉफी रंग तेच काम अधिक चांगले करतो.

आणि एक मनापासून सांगतो. "उजळ दिसता" हे शब्द ऐकून साडी घेऊ नका. दुकानात ते जवळजवळ प्रत्येक ग्राहकाला ऐकवले जातात, आणि त्यांच्यामागे गव्हाळ वर्ण ही काहीतरी झाकण्याची गोष्ट आहे असे गृहीत धरलेले असते. तसे मुळीच नाही.

आडवाधागा (विटा)

हरिपूरकरांनी निरीक्षण अचूक सांगितले आहे. त्यामागचे कारण मी जोडते, कारण कापड रंगवण्याच्या कामात माझी २२ वर्षे गेली आहेत.

फ्रान्समधील गोबेलँ येथील राजाश्रित विणकाम कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. भित्तिपटांतला काळा रंग फिका दिसतो, तो नीट रंगवला जात नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या रंगात काहीच दोष नव्हता. त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. सार असे की, आपला डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाही. प्रत्येक रंग शेजारच्या रंगावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो.

हे आपल्या साडीला लावून पाहा. निळसर गुलाबीचा विरुद्ध रंग हिरवा. ती साडी चेहऱ्याशेजारी आली की आधीच पिवळसर असलेल्या त्वचेवर हिरवट झाक चढते आणि माणूस आजारी दिसतो. निळ्याचा विरुद्ध रंग पिवळ्याकडचा, म्हणून सोमवारच्या साडीत आपला चेहरा पिवळा पडतो. निळ्यात हिरवटपणा जितका वाढतो तितकी ही विरुद्ध झाक पिवळ्याकडून तांबड्याकडे सरकते, त्यामुळे मोरपंखी रंगाशेजारी तीच त्वचा निरोगी, तांबूस दिसते. विटकरीचे गणित थोडे निराळे आहे. विटकरी कापड त्वचेपेक्षा कितीतरी अधिक तांबडे-पिवळे असल्यामुळे त्याच्या शेजारी त्वचेतला पिवळेपणा उणा भासतो, आणि कापडावरून परावर्तित झालेला उबदार प्रकाश हनुवटीखालची सावली भरून काढतो. आईची साडी नेसून आपण टवटवीत का दिसलात, त्याचे उत्तर एवढेच आहे.

गणवेशाविषयी : साडी बदलता येत नसेल तर चेहऱ्याला लागून काय येते ते बदलावे. साडीत गळ्याजवळ ब्लाउज असतो, पदराचा काठ असतो. निऱ्या चेहऱ्यापासून फार लांब असतात आणि त्यांचा परिणाम नगण्य. ब्लाउजच्या रंगाचे बंधन नसेल तर मोरपंखी शिवून घ्यावा. तो फिकट निळ्याशी जुळतोही. बंधन असेल तर पोवळ्याची बारीक माळ, सोन्याची कुडी आणि विटकरी टिकली एवढ्यानेही फरक पडेल.

खरेदीच्या वेळची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दुकानांतले पांढरे दिवे बहुधा ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचे, निळसर प्रकाशाचे असतात, तर काही ठिकाणी जरी चमकावी म्हणून ३००० केल्व्हिनचे पिवळे दिवे मुद्दाम लावलेले असतात. शिवाय दोन कापडांना वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी एकच रंग दिलेला असेल तर एका दिव्याखाली ती तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली वेगळी पडतात. मॅचिंग सेंटरमध्ये जुळलेला ब्लाउजपीस रस्त्यावर आल्यावर वेगळा निघाल्याचा अनुभव बहुतेक बायकांना असतो. त्यात डोळ्यांची चूक नसते. म्हणून साडी दाराशी नेऊन पाहण्याचा आग्रह धरावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

साध्या रंगाऐवजी धूपछाव पोत मिळाला तर अवश्य पाहा. त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. शेवाळीत तांबडा किंवा मोहरीत तपकिरी असे विणले की कापड हलताना दोन्ही रंग आलटून पालटून वर येतात. एकाच अंगात अनेक मातकट छटा असलेल्या व्यक्तीला, म्हणजे तांबूस केस, मधाळ डोळे आणि सोनेरी त्वचा असलेल्यांना, हा पोत सपाट रंगापेक्षा जास्त खुलतो असे माझे मत आहे.

इंटरनेटवर अशा व्यक्तींना "शरद" गटातले म्हटलेले आढळेल. योहान्नेस इटेन या स्विस चित्रकाराने व्यक्तीचे स्वतःचे रंग आणि ऋतू यांची सांगड घालण्याची दिशा दिली आणि पुढे अमेरिकेत चार ऋतूंची ही पद्धत लोकप्रिय झाली. पण तिथला शरद म्हणजे तांबडी-पिवळी पानगळ; आपल्या शरदात आकाश निळे आणि रान हिरवे असते, त्यामुळे नावावरून काहीच बोध होत नाही. आपल्याकडे हे सगळे रंग एकत्र पाहायचे तर फाल्गुनात यवतेश्वरच्या घाटातून जावे. वाळून सोनेरी झालेले गवत, उघडा पडलेला जांभा दगड, पळसाची फुले, कोशिंबाची तांब्यासारखी कोवळी पालवी. रंगांची पेटीच उघडून ठेवलेली असते.

तंबोरा (मिरज)

दोघांचेही विवेचन आवडले, मात्र काळ्याविषयी हरिपूरकरांशी माझे एकमत नाही. संक्रांतीला चंद्रकळा नेसायची नाही, असे एखादीला कसे सांगणार? माझी छटा आपल्यासारखीच आहे आणि ४० वर्षे मी दर संक्रांतीला काळी साडी नेसते. साडीला मोहरी किंवा तांबूस काठ असावा, वर गेरू रंगाचा खणाचा ब्लाउज असावा आणि पदर गळ्याला न चिकटता खांद्यावरून सरळ खाली जावा. काळा रंग चेहऱ्यापासून वीतभर दूर राहिला की तो बाधत नाही.

इरकल साडीचाही विचार करावा असे सुचवते. तिचा पदर बहुधा तांबडा असतो आणि अंग निराळ्या रंगाचे, त्यामुळे अंग आपल्याला फारसे न शोभणारे असले तरी चेहऱ्याजवळ तांबडाच येतो. घेताना एवढे पाहावे की तो तांबडा डाळिंबाच्या सालीकडे झुकणारा आहे की गुलबक्षीकडे.

आणखी एक. केस पिकू लागले की हिशोब थोडा बदलतो. मी मेंदी लावत होते तोवर गडद विटकरी शोभत असे, कारण मेंदीने पांढरे केस नारिंगी-तांबडे होतात. मेंदी सोडून केस रुपेरी होऊ दिले तेव्हा तोच रंग जड वाटू लागला आणि मी अबोली, चंदनी, बदामी अशा त्याच कुळातल्या सौम्य रंगांकडे वळले. आपल्याला अजून अवकाश आहे, पण दर पाच-सात वर्षांनी दाराशी आरसा घेऊन बसावे.

हरिपूरकर (सांगली)

तंबोरा काकू, चंद्रकळेचे म्हणणे मान्य. काळा सदरा गळ्यापर्यंत बटणे लावून घालतो, तो अनुभव मी सगळ्यांना लावला. साडीत काठ आणि ब्लाउज मध्ये येतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

माहुली (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सकाळी खण आळीत जाऊन आले. जाण्याआधी दाराशी बसून विटकरी आणि गुलबक्षी कापडांची पारख केली. गुलबक्षी धरल्यावर ओठांच्या कडेची तीच सावली दिसली जी फोटोत होती, आणि कापड बदलताच ती पुसट झाली. मुलगी शेजारी उभी होती, तिलाही न सांगता फरक कळला.

दुकानात दोन साड्या पसंत पडल्या होत्या. त्यांतली मोहरी रंगाची आत दिव्याखाली अप्रतिम दिसत होती. दाराशी नेली तर ती चक्क लिंबाकडे झुकणारी निघाली. दुसरी शेवाळी-तांबडी धूपछाव, बारीक सोनेरी काठांची. उजेडात तिची घडी हलवली की शेवाळीतून तांबडा सरकत वर येत होता. तीच घेतली. गुलाबी साडी नणंदेला दिली. तिची छटा गुलाबी आहे आणि ती साडी तिच्या अंगावर पाहिल्यावर साडीत खोट नव्हती हे पटले.

गणवेशाविषयी मुख्याध्यापिकाबाईंना विचारले. नियम फक्त साडीपुरता आहे, ब्लाउजचा रंग कोणी ठरवलेलाच नाही. आम्ही सगळ्याजणी इतकी वर्षे उगीचच निळाच शिवत होतो. मोरपंखी कापड काल शिंप्याकडे टाकले आहे आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत तो देतो म्हणाला आहे.